मेंटॉरची वही कोणाची?

महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी नॅक या राष्ट्रीय संस्थेने जो साचा वर्षानुवर्षे वापरला, त्यात 2.3.3 क्रमांकाचा एक मुद्दा असायचा: तुमच्याकडे किती विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, आहे? याचे उत्तर काढायला शिक्षकाची गरज नाही. विद्यार्थ्यांच्या संख्येला शिक्षकांच्या संख्येने भागले की काम झाले. आकडा जितका लहान तितके महाविद्यालय विद्यार्थ्यांच्या जवळचे, असा त्यामागचा हिशेब. गोव्यातही पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या महाविद्यालयांत वर्ष सुरू झाले की मेंटॉर-मेंटीच्या याद्या लागतात. बहुतेक ठिकाणी हजेरीपटाच्या क्रमाने मुले वाटली जातात आणि प्रत्येक मुलाच्या नावाने एक वही किंवा फॉर्म तयार होतो. त्यात हजेरी असते, गुण असतात, पालकांचा फोन नंबर असतो, ‘अडचण’ आणि ‘दिलेला सल्ला’ असे रकाने असतात. या मुलाला या शिक्षकाकडून काय हवे आहे आणि या शिक्षकाकडे त्याला देण्यासारखे काय आहे, हा रकाना मात्र मी अजून पाहिलेला नाही.

प्रत्यक्ष भेट कशी होते तेही सगळ्यांना ठाऊक आहे. ‘कशें चल्लां रे?’ ‘बरें चल्लां, सर.’ सही, तारीख, पुढचा. सल्ल्याच्या रकान्यात ‘नियमित अभ्यास करण्यास सांगितले’ हे वाक्य. मूल्यांकनाची समिती यायच्या आदल्या आठवड्यात हेच वाक्य एकाच पेनाने पंचवीस वह्यांत उतरते. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला तासिका, पेपर, निवडणुकीचे काम आणि एनएसएसचे शिबिर सांभाळायचे आहे, त्याच्या गळ्यात पंचवीस अनोळखी मुलांचे आयुष्य अडकवल्यावर तो याहून वेगळे काय करणार?

माझे म्हणणे एवढेच आहे: एखाद्या वडीलधाऱ्याने एखाद्या तरुणाला हाताशी धरायचे ठरवले, तर या नात्यातून कोणाला काय हवे, कोण किती वेळ देणार आणि कुठे थांबायचे, हे दोघांनी सुरुवातीलाच तोंडाने बोलून ठरवावे. ठरलेले पानभर लिहून ठेवावे. आणि ते पान त्या दोघांकडेच राहावे, संस्थेच्या फायलीत जाऊ नये. यातली पहिली गोष्ट परंपरेच्या अभिमान्यांना रुचत नाही, तिसरी प्रशासनाला. त्यामुळे दोन्हीकडे भांडण आहे.

हा दोन माणसांचा खासगी मामला आहे, त्यावर लेख कशाला, असे म्हणता आले असते, पण आता तसे राहिलेले नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेंटॉरिंगचे स्वतंत्र राष्ट्रीय अभियान आहे. ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांचा, त्यातही भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्यांचा, मोठा गट उभारून त्यांनी महाविद्यालयीन शिक्षकांना मार्गदर्शन करावे, अशी त्यातली कल्पना. शालेय शिक्षकांसाठी एनसीटीईने (शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने) 2022 मध्ये काही केंद्रीय शाळांत प्रायोगिक सुरुवातही केली. कारखान्यांतल्या शिकाऊ उमेदवारांना 1961 चा कायदा लागू आहे, पीएचडीच्या गाईडला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2022 चे नियम. म्हणजे सरकार यापुढे अधिकाधिक लोकांच्या जोड्या लावणार आहे. जोडी लावून देणारा तिसराच असतो, तेव्हा जोडीतल्या दोघांनी काय ठरवायचे हा सार्वजनिक प्रश्न होतो.

परंपरेचा मुद्दा आधी घेतो, कारण गोव्यात तो लगेच येतो आणि जोरात येतो. ‘गुरू-शिष्याच्या नात्यात अटी कसल्या? शिष्याने शरण जावे, गुरूला वाटेल तेव्हा आणि वाटेल तेवढे तो देईल.’ हे ऐकायला फार गोड आहे. पण ज्या गायिकांची नावे घेऊन हे सांगितले जाते, त्यांच्याच चरित्रांत याच्या उलट पुरावा आहे.

केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्यांची तालीम सुरू झाली, ती काही महिन्यांतच थांबली. पुढे वझेबुवा गोव्यात येत तेव्हा त्यांच्याकडे शिकल्या. मुंबईला गेल्यावर बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही शिकल्या. प्रत्येक वेळी तालीम कुठल्या ना कुठल्या कारणाने तुटली: गुरूंचे स्थलांतर, संस्थानांतली नोकरी, दौरे. 1921 मध्ये त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधला, तो अशा तुटक शिक्षणाची वर्षे अंगावर घेऊन. खाँसाहेबांनी शिकवायला होकार देताना बिदागी आणि मुदत या दोन्ही बाबतींत कडक अटी घातल्या होत्या, हे संगीताच्या वर्तुळात सगळ्यांना माहीत आहे. मला या अटींत लोभ दिसत नाही. दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीची धास्ती होती, की हेही मध्येच तुटेल. त्या धास्तीवर दोघांनी मिळून काढलेला तो तोडगा होता. 1946 मध्ये खाँसाहेब गेले तोवर हे नाते टिकले. त्या गाण्याचा भक्कमपणा ज्यांनी ध्वनिमुद्रिकांतून ऐकला आहे, त्यांना त्यातली सलग मेहनत वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणजे परंपरेतही अटी होत्या. पण म्हणून परंपरा आदर्श होती असे म्हणायलाही मी तयार नाही, कारण लगेच मोगूबाईंचे नाव समोर येते. मोगूबाई कुर्डीकर 1904 मध्ये सांग्यातल्या कुर्डीत जन्मल्या. ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. सांगलीत असताना त्यांचा आवाज खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. कसली अट नाही, कसला करार नाही. गुरूची निव्वळ कृपा. मग खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाईही मागोमाग गेल्या. पण तिथे इतर शिष्यांचे आणि त्यांच्या धनिक आश्रयदात्यांचे वजन होते, आणि मोगूबाईंची तालीम बंद पडली. त्यांनी आग्रा घराण्याच्या बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे काही काळ काढला, मग खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. तिथेही तालमीवर तोच दबाव आला. शेवटी 1934 मध्ये खाँसाहेबांचा रीतसर गंडा बांधला गेला. सांगलीतल्या पहिल्या धड्यापासून मोजले तर मध्ये दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

ज्यांनी अटी ठरवून घेतल्या त्यांना सलगता मिळाली. ज्यांना कृपा मिळाली त्यांच्याकडून ती कोणीही काढून घेऊ शकत होते. आणि अटी ठरवून घ्यायला पदरी पैसा असलेला आश्रयदाता लागत होता, हेही विसरून चालणार नाही. दोघीही कलावंत समाजातल्या. पण अट घालण्याची ताकद एकीच्या मागे उभी राहिली, दुसरीच्या मागे नाही. न बोलता चालणारे नाते नेहमी बलवानाच्या बाजूने झुकते, मग तो बलवान गुरू असो वा दुसऱ्या शिष्याचा शेटजी. मोगूबाईंनी पुढे मुलीला, किशोरी आमोणकरांना, स्वतः घडवले आणि अंजनीबाई मालपेकरांसारख्या दुसऱ्या घराण्याच्या गुरूकडेही शिकू दिले. स्वतः जे सोसले त्याचा यात काही वाटा असेल का? मला वाटते असावा. पण हा माझा तर्क आहे.

आता आजच्या फोंड्यात येऊ. हार्मोनियमचा एखादा क्लास घ्या. गोव्यात असे क्लास वाड्यावाड्यावर आहेत. आईला वाटते मुलाने गांधर्वच्या परीक्षा देत विशारद व्हावे, प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडेल. गुरुजींना वाटते पोराचा हात भजनाच्या साथीला तयार व्हावा, कारण सप्ताहात आणि कला अकादमीच्या भजन स्पर्धेत साथीदार कमी पडतात. आणि पोराला यूट्यूबवर पाहिलेली सिनेमाची गाणी वाजवायची असतात. तिघेही एकाच खोलीत आठवड्यातून दोन दिवस भेटतात आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी चाललेले असतात. दोन वर्षांनी मुलगा क्लास सोडतो. आई म्हणते गुरुजी लक्ष देत नाहीत, गुरुजी म्हणतात पोराला गोडी नाही. पोराला कोणी विचारतच नाही. पहिल्या महिन्यात अर्धा तास बसून तिघांनी आपापले म्हणणे सांगितले असते, तर कदाचित ‘पहिले वर्ष भजनाचे ठेके आणि साथ, महिन्यातून एकदा तुझ्या आवडीचे गाणे, परीक्षेचे दुसऱ्या वर्षी बघू’ असा मार्ग निघाला असता. किंवा निघालाही नसता, आणि मुलगा पहिल्याच महिन्यात दुसऱ्या क्लासला गेला असता. तेही दोन वर्षांच्या कुढण्यापेक्षा बरेच.

महाविद्यालयात हेच जास्त आडवळणाने घडते. मेंटॉर समजतो मुलगी एम.ए. करणार, म्हणून तो गोवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेबद्दल सांगत राहतो. मुलगी गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेली असते, कारण घरी एकच वाक्य ऐकू येते, ‘सरकारी नोकरी लागली की झालं.’ ती हे सरांना सांगत नाही, सरांना वाईट वाटेल म्हणून. दुसरा मुलगा मामासारखा जहाजावर जायच्या तयारीत असतो, पण सरांसमोर तो ‘बी.एड. करीन म्हणतो’ असे म्हणतो, कारण सरांना ते आवडेल असे त्याला वाटते. हे खोटे बोलणे नव्हे. आपल्याकडे मोठ्यांसमोर त्यांना रुचेल असेच ध्येय मांडायची मुलांना सवय असते. त्यामुळे ‘तुझे ध्येय काय?’ असा थेट प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. त्यावर आयएएसपासून समाजसेवेपर्यंत ठरलेली उत्तरे मिळतात.

उपयोगी प्रश्न अधिक लहान असतात. पुढच्या सहा महिन्यांत तुला कोणती एक गोष्ट जमायला हवी, जी आज जमत नाही? घरच्यांना तू काय करावेसे वाटते, आणि त्यात तुझे किती? माझ्याकडून तुला काय नको आहे? हा शेवटचा प्रश्न ऐकून मुले आधी गोंधळतात, मग हसतात, आणि मग खरे बोलू लागतात. ‘सर, घरी फोन करू नका’ हे उत्तर अनेकदा येते. मेंटॉरला हे कबूल करता येईल किंवा येणारही नाही. जिवाला धोका असेल तेव्हा तो फोन करणारच, आणि तसे त्याने तिथल्या तिथे सांगून टाकावे. पण मुलाला आपली मर्यादा आणि मेंटॉरची मर्यादा दोन्ही पहिल्या दिवशी कळतात, आणि विश्वास त्यानंतरच सुरू होतो.

ध्येय नेमके असावे याला मानसशास्त्राचाही आधार आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासात हेच पुन्हा पुन्हा दिसले की ‘होईल तितके चांगले कर’ असे सांगितलेल्या माणसापेक्षा नेमके आणि जरा अवघड ध्येय दिलेला माणूस जास्त काम करून दाखवतो. मात्र ते ध्येय त्याने मनापासून स्वीकारलेले असावे लागते. याच्या पुढचा भाग कमी लोक सांगतात. काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, तर ‘इतके गुण मिळव’, ‘इतके नग काढ’ अशा निकालाच्या ध्येयाने उलट अडचण होऊ शकते. तिथे ‘हे कसे करायचे याच्या दोन-तीन पद्धती शोध’ असे शिकण्याचे ध्येय अधिक कामाचे. मेंटीच्या वहीत ‘पुढच्या सेमिस्टरला साठ टक्के’ लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्या मुलाला इंग्रजीतला उतारा वाचून त्याचा मुद्दा काढता येत नाही, त्याला टक्केवारी देऊन काही होत नाही. उतारा कसा फोडायचा ते दोघांनी मिळून ठरवले तर होते.

कारखान्यांत चित्र आणखी वेगळे आहे. तिथे कागद आधीपासून आहे. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात कलम 4 प्रमाणे मालक आणि शिकाऊ यांच्यात करार व्हावा लागतो. कलम 11 मालकाची कर्तव्ये सांगते, कलम 12 शिकाऊ मुलाची. प्रशिक्षण द्यावे, त्यासाठी पात्र माणूस नेमावा, हे मालकाकडे. मन लावून काम शिकावे, वर्गांना हजर राहावे, कायदेशीर हुकूम पाळावेत, हे मुलाकडे. नियमांतल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक झाले. वेर्णा, कुंडई इथल्या कारखान्यांत आणि आता काही सरकारी खात्यांतही अशी मुले दिसतात ती त्यामुळेच.

म्हणजे अपेक्षा लिहिलेल्या आहेत, दोन्ही बाजूंच्या आहेत, आणि त्याला कायद्याचे बळही आहे. तरीही शॉप फ्लोअरवर मुलगा पहिले तीन महिने पेट्या उचलतो, आणि सुपरवायझरला तो ‘कंपनीने पाठवलेला एक जादा हात’ वाटतो. याचे कारण उघड आहे. करार कंपनीने केला, सुपरवायझरने नाही. ज्या माणसाच्या शेजारी उभे राहून शिकायचे त्याने करार वाचलेलाही नसतो. ‘या मुलाला तू पहिल्या महिन्यात काय दाखवशील?’ हे त्याला कोणी विचारलेले नसते, त्याच्या वेळापत्रकात त्यासाठी वेळ नसतो, आणि उत्पादन कमी पडले तर बोलणी त्यालाच खावी लागतात. मुलाची एक मोठी अपेक्षा असते आणि तीही कोणी बोलत नाही: इथेच कायम होईन का? कायदा कायम नोकरीची हमी देत नाही. 2014 च्या दुरुस्तीपासून शिकाऊ मुलांना पुढे नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवायचे असते. ते धोरण काय आहे हे पहिल्या दिवशी मुलाला सांगितले तर वर्षभर तो आशेवर लोंबकळत राहणार नाही. पण हे सांगायचे धैर्य होत नाही, कारण आशेवरचा मुलगा जास्त राबतो. मला हे सरळ फसवणुकीच्या जवळचे वाटते.

आणि बसचा प्रश्न. वाळपईकडच्या गावातून वेर्ण्याला दोन बस बदलून येणाऱ्या मुलीला सहानंतर थांबणे शक्य नसते. कदंबची शेवटची गाडी चुकली की रात्री उशिरा घरचा कोणीतरी स्कूटर घेऊन फोंड्यापर्यंत येणार. सुपरवायझर खरे शिकवतो ते शिफ्ट संपल्यावर, मशीन रिकामे असते तेव्हा. कोणाचाही वाईट हेतू नसतो. पण सहा महिन्यांनी ‘मुलींना शिकण्याची तळमळ नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वर्षी मुली कमी घेतल्या जातात. उद्दिष्टांवर भाषणे करणाऱ्यांना बसचे वेळापत्रक क्षुल्लक वाटते. मला ते उद्दिष्टाचाच भाग वाटते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे भेटायचे, फोन रात्री किती वाजेपर्यंत केलेला चालेल, व्हॉट्सॲपला उत्तर किती वेळात अपेक्षित आहे, हे ठरले नाही तर बाकीची मोठी वाक्ये हवेत राहतात.

पीएचडीत हे सर्वांत कडू होते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात. दर सेमिस्टरला सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते. संख्या ठरली, मुदत ठरली. पण प्रकरण लिहून दिले की ते किती दिवसांत वाचून परत मिळेल? शोधनिबंधावर कोणाचे नाव आधी येईल? गाईडच्या पेपर तपासणीत, सेमिनारच्या जेवणावळीत, बँकेच्या कामात विद्यार्थ्याने हातभार लावायचा की नाही? या प्रश्नांवर पाच-सहा वर्षे काढलेली माणसे आहेत, आणि त्यांतली काही आज स्वतः गाईड होऊन तेच करत आहेत. विषय निवडण्याआधी दोघांनी बसून हे तीन प्रश्न निकालात काढावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. आणि सुरुवात वयाने मोठ्याने करावी. ‘मला महिन्याला दोन तास देता येतील, त्याहून जास्त नाही, आकडेवारीच्या भागात मी कच्चा आहे, त्यासाठी तुला दुसऱ्याकडे जावे लागेल’ असे गाईडने म्हटले, तरच समोरच्याला ‘माझे मूल लहान आहे, शनिवारी मला जमणार नाही’ असे म्हणता येते. लहानाने आधी बोलावे अशी अपेक्षा ठेवली तर तो फक्त ‘हो सर’ म्हणेल.

आता दुसरा आक्षेप, जो मला परंपरेपेक्षा जड वाटतो. हे सगळे लिहायला लावले की त्याचाही एक फॉर्म होईल. ‘मेंटॉर-मेंटी सामंजस्य करार, परिशिष्ट क’, त्याची सॉफ्ट कॉपी, जिओ-टॅग केलेला फोटो, आयक्यूएसीकडे (महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाकडे) पाठवायची शेवटची तारीख. मग पंचवीस वह्यांत एकच वाक्य उतरायचे ते पंचवीस करारांत उतरेल. ही भीती खरी आहे. म्हणूनच ते पान त्या दोघांचेच असावे यावर माझा जोर आहे. जे तिसरा वाचणार आहे त्यात मुलगी घरच्या दबावाबद्दल लिहिणार नाही आणि शिक्षक आपल्या उणिवेबद्दल लिहिणार नाही. बोलणे कोकणीत झाले असेल तर पान कोकणीत असो, मराठीत झाले असेल तर मराठीत, शब्द मोडके असले तरी चालतील. इंग्रजीत ते सुरेख दिसेल, पण दोघांनाही पुढे त्यावरून भांडता येणार नाही, आणि जे ठरले त्यावरून भांडता येणे हाच तर त्या पानाचा उपयोग आहे.

‘मग संस्थेला कळणार कसे की काही झाले?’ असे प्राचार्य विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. कागद न वाचताही विचारता येते. सेमिस्टरच्या मध्यावर मेंटॉर नसलेल्या दुसऱ्या कोणीतरी मुलाला दोन प्रश्न विचारावेत: तुम्ही दोघांनी काय ठरवले होते? त्यातले काय बदलले? मुलाला पहिल्याचे उत्तर देता येत नसेल तर कुठलीही वही पाहायची गरज नाही. शिवाय मेंटॉर बदलून घेण्याची एक वाट असावी, कारण न सांगता, कोणावर ठपका न येता. ती वाट नसेल तर ठरवणे हे नावापुरतेच, कारण ज्याला निघून जाता येत नाही त्याचा होकार खरा आहे की नाही हे कळायला मार्ग नाही.

नाते संपण्याबद्दलही आधीच बोलावे लागेल, आणि इथे आपण सर्वांत कच्चे आहोत. कॅथी क्रॅम या अमेरिकन अभ्यासकाने 1983 मध्ये एका कंपनीतल्या अठरा जोड्यांचा अभ्यास करून अशा नात्याचे चार टप्पे मांडले होते. सुरुवात आणि जोपासना हे त्यातले पहिले दोन. पण तिसरा ताटातुटीचा आणि चौथा नव्याने, बरोबरीच्या पातळीवर नाते मांडण्याचा. आपल्याकडे तिसऱ्या टप्प्याला कृतघ्नता म्हणतात. शिष्याने दुसऱ्या दिग्दर्शकाच्या नाटकात काम केले, दुसऱ्या गटातून कला अकादमीच्या स्पर्धेत उतरला, की पहिले गुरुजी बोलायचे बंद होतात. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिराच्या आवारात अशी न बोलणारी माणसे एकमेकांना टाळत चहा पिताना दर स्पर्धेला दिसतात. ‘हे दोन वर्षांचे आहे, मग तू मोकळा’ एवढे आधी म्हटले असते तर निम्मे अबोले झाले नसते.

राहिला संख्येचा प्रश्न. एका शिक्षकाला पंचवीस मुलांशी असे बोलता येणार नाही, सहा-सात जणांशी येईल, आणि तेही त्याच्या कार्यभारात हे तास मोजले गेले तर. बाकीच्यांचे काय? इथे गोव्याचे लहानपण कामाला येते. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले अधिकारी, बंदरातले अभियंते, नर्सिंगमधून बाहेर पडलेल्या बाई, हे सगळे कुठल्याही महाविद्यालयापासून तासाभराच्या अंतरावर राहतात आणि यातल्या बऱ्याच जणांना बोलावण्याचीच वाट असते. त्यांना ‘विद्यार्थ्यांना घडवा’ असे भव्य आमंत्रण देऊ नये, त्याने ते घाबरतात किंवा भाषण तयार करून येतात. त्यांना एक मुलगा, एक काम आणि एक मुदत द्यावी. जहाजावरून दोन महिन्यांच्या सुटीवर आलेला माजी विद्यार्थीसुद्धा चालेल. सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) कशी काढायची, एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावर जाण्याआधीच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे) कोर्स कोणते, कोणत्या एजंटला पैसे द्यायचे नाहीत आणि पहिल्या करारात बायको-आईला घरी किती पैसे पाठवता येतात, एवढे तो दोन महिन्यांत एका मुलाला नीट सांगू शकतो, फक्त पंधरा तारखेला आपले जहाज आहे हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलेले असावे.